सहावा रकाना

त्या काळी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर हा माणसाचा हुद्दा होता. नकाशाला लागणारे आकडे लॉगच्या पुस्तकातून शोधायचे, दोन वेगळ्या वह्यांत दोनदा सोडवायचे आणि दोन्ही उत्तरं जुळली की खाली सही करायची, हे त्याचं काम. पुढे मशीनं आली तेव्हा नव्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना गंमत वाटायची. सदुसष्टच्या सुमाराला मी नागपूरच्या त्या नकाशाच्या ऑफिसात लागलो तेव्हा असे चार कॉम्प्युटर होते. त्यांतल्या सर्वांत जुन्याला सगळे कॉम्प्युटरसाहेब म्हणत. साहेब ते नव्हते, पण त्यांच्या आकड्यांत कधी चूक सापडली नव्हती, म्हणून खरे साहेबही त्यांना साहेबच म्हणत.

मी प्लेनटेबलर होतो. म्हणजे तिपाईवर एक चौकोनी फळा, फळ्यावर कागद, आणि नेम धरायला डोळ्याशी लावायची एक पट्टी. थंडीभर हे सामान दोन खलाशांच्या, म्हणजे ऑफिसच्या हमालांच्या, डोक्यावर देऊन रानोमाळ हिंडायचं आणि नाले, विहिरी, देवळं, वस्त्या जिथल्या तिथे कागदावर मांडायच्या. एप्रिल सरताना तंबू गुंडाळून नागपूरला परतायचं आणि पेन्सिलीच्या कामावर शाई चढवत बसायचं. हे शाईचं काम नेमकं मे महिन्यात सुरू होई, हे ठरवणाऱ्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. घामाचा एक थेंब पडला की पंधरा दिवसांचं काम वाहून जायचं. मनगटाला टॉवेलची पट्टी आणि हाताखाली टीपकागद, असे आम्ही बसलेले असायचो.

कॉम्प्युटरसाहेबांना एकच दुखणं होतं. जागेला आकडे इतके कमी का, हे त्यांना कधी पटलं नाही. अक्षांश, रेखांश आणि उंची दिली की पृथ्वीवरची कुठलीही जागा सापडते, असं ते शिकाऊ पोरांना सकाळी शिकवायचे आणि दुपारी डबा खाताना स्वतःच खोडून काढायचे. "समज, मी तुला कळमेश्वरच्या बाजाराचे तिन्ही आकडे दिले," ते म्हणायचे. "तू आकडे घेऊन गेलास. बाजाराचा दिवस नव्हता. तिथे दोन कुत्री आणि एक फुटकी टोपली. सापडला का बाजार?" म्हणून चौथा आकडा वेळेचा पाहिजे. तोही तारखेचा नको, फिरून येणारा पाहिजे, कारण बाजार दर आठवड्याला त्याच मातीवर उगवतो आणि संध्याकाळी मावळतो.

मग पाचवा. हुडकेश्वर तेव्हा शेतांचं गाव होतं. उन्हाळ्यात सायकलने पाऊण तास, आणि श्रावणात काळ्या मातीत सायकलच खांद्यावर घेऊन दोन तास. "गाव सरकलं का? अक्षांश तर तोच आहे, मीच काढलाय," असं म्हणून त्यांनी पाचव्या आकड्याला 'पोच' असं नाव दिलं. पोच मीटरात मोजायची नाही, मिनिटांत मोजायची, आणि कोणत्या महिन्यात ते सांगायचं. यासाठी त्यांनी एक लांबट वही केली होती. डावीकडे जागेचं नाव, पुढे रकाने. मधल्या काळात त्यांनी आवाजाचाही एक रकाना घातला होता: मिलचा भोंगा जिथवर ऐकू येतो तिथवर शहर. आठ दिवस रोज पहाटे उठून ते भोंग्याची हद्द शोधत चालत गेले. नवव्या दिवशी वारा फिरला आणि शहर मैलभर पूर्वेकडे गेलं. तो रकाना त्यांनी लाल शाईने काट मारून बंद केला.

लोक त्यांना हसायचे. मीही हसायचो, पण डबा त्यांच्याच टेबलाशी उघडायचो. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाकीच्यांनी मला आडनाव विचारलं आणि ऐकल्यावर आपापले डबे जरासे अलीकडे ओढले. कॉम्प्युटरसाहेबांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या डब्यातली मिरचीची चटणी उचलली आणि तिखट लागली म्हणून माझ्यावरच डाफरले.

सहावा रकाना माझ्यामुळे आला. एका दुपारी ते पोच समजावत होते आणि मला ऐकून ऐकून कंटाळा आला होता. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावच्या विहिरीची पोच सांगा. आमच्या घरापासून एकशे चाळीस पावलं."

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "भरली घागर घेऊन परत येताना तीन धर."

"पाटलाच्या घरातल्या बाईला तेवढीच लागतात. माझ्या आत्याला दोन तास लागतात."

त्यांना वाटलं आत्याचा पाय अधू असेल. मग मी सांगितलं. आमचं गाव कळमेश्वरच्या पलीकडे. छप्पन साली माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर दोन वर्षांत आम्ही नागपूरला जरीपटक्याच्या मागे राहायला आलो आणि बाबा मिलमध्ये लागले. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली आत्या मात्र गावातल्या घरातच राहिली. घर गावात म्हणायचं, पण आमची वस्ती गावापासून वेगळी, मध्ये मोकळं रान. वस्तीची स्वतःची विहीर होळी झाली की तळ दाखवायची. मग गावच्या विहिरीवर जायचं. तिथे कोणी अडवत नव्हतं, कायदा झालेला होता. फक्त काठापासून दूर उभं राहायचं आणि गावातली कोणी बाई मनाला येईल तेव्हा आपल्या बादलीतून वरून ओतेल तोवर थांबायचं. हे मी पोरवयात पाहिलं होतं आणि मी सांगत होतो त्या वर्षीही तसंच चाललं होतं.

कॉम्प्युटरसाहेब जेवायचे थांबले. म्हणाले, "पण आकडा माणसागणिक बदलला तर तो जागेचा आकडाच राहत नाही. अक्षांश राजाला तोच आणि भिकाऱ्याला तोच. त्यातच त्याची अब्रू आहे."

"मग तुमची वही खोटी आहे," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत सहावा रकाना आखून आणला. वर लिहिलं होतं: कोणासाठी. आणि पेन उघडून मला विचारलं, थांबायला सरासरी किती वेळ लागतो, चैत्रात किती, वैशाखात किती, घागरी किती. मला ते आवडलं नाही. माझ्या आत्याचं उभं राहणं त्यांच्या वहीत भरती होणार होतं. तरी मी आकडे दिले, कारण आजवर कोणी विचारले नव्हते. ते लिहिता लिहिता म्हणाले, "ज्या गोष्टीला रकाना नसतो ना, ती लोक शून्य धरतात."

दोन-तीन वर्षांनी आमच्या भागाची शीट नव्याने करायला निघाली. मैलाला इंचाचे जुने नकाशे जाऊन मेट्रिकचे नकाशे येत होते आणि त्या शीटमध्ये आमचं गाव होतं. मी स्वतः खऱ्या साहेबांना भेटून ते काम मागून घेतलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते मिलमधून येऊन हातपाय धूत होते. त्यांनी दोनदा विचारलं, "आपलं गाव? सरकारी नकाशात? तुह्या हातानं?" आणि मग म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेवजो. वस्तीचं ते जुनं नाव तुह्या हातानं कागदावर नाही आलं पाहिजे."

जुनं नाव म्हणजे आमची जुनी जात आणि तिच्यापुढे 'पुरा'. छप्पननंतर वस्तीने स्वतःचं नाव पंचशील नगर ठेवलं होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यावर निळ्या रंगात ते नाव लिहून वस्तीच्या तोंडाशी खांबाला ठोकलं होतं.

मी फळा घेऊन गावात पोचलो तेव्हा आत्याने मला ओळखायच्या आधी फळ्याकडे पाहिलं. तिला वाटलं कोणी फोटोवाला आला. चहा करताना तिने एकच विचारलं, "याच्यानं पाण्याचं काही होते का गा?" मी म्हटलं, नकाशा झाला की सगळ्या योजना त्यावरूनच होतात. हे खरं होतं आणि म्हणताना मला छान वाटलं होतं.

नकाशाच्या कामात नावाचा एक नियम असतो. प्रत्येक वस्तीचं नाव एका यादीत लिहायचं आणि त्यापुढे गावच्या पटवाऱ्याची सही घ्यायची. सहीशिवाय नाव छापलं जात नाही. पटवारी वाईट माणूस नव्हता. त्याने मला बाजेवर बसवलं, यादी वाचली आणि पंचशील नगरवर बोट ठेवून म्हणाला, "हे माह्या रेकॉर्डात नाही भाऊ. रेकॉर्डात जुनं नाव आहे. ते लिहा, आत्ता सही करतो. हे लिहून माही नोकरी काहून घालवून राहिले?"

मी तंबूत येऊन विचार करत बसलो. जुनं नाव लिहायचं नव्हतं. नव्याला सही मिळत नव्हती. वस्ती वेगळी दाखवून नाव गाळलं असतं तर तपासनिसाने 'नाव?' असा शेरा मारून शीट परत पाठवली असती आणि दुसऱ्या कोणी येऊन पटवाऱ्याचं रेकॉर्ड उतरवून नेलं असतं. चौथा मार्ग मला दुसऱ्या दिवशी फळ्याशी उभा असताना सुचला. पन्नास हजाराच्या प्रमाणात शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. नकाशावर गावाची वस्ती लाल रंगाने भरतात. तो लाल ठिपका पूर्वेकडे दोन मिलिमीटर ओढला की आमची घरं गावात. वेगळी वस्ती उरली नाही तर तिला नाव लागत नाही, आणि नाव लागत नाही तर सहीही लागत नाही. जवळच्या झोपड्या गावातच धराव्या अशी मुभा नियमात होती, तिच्याकडे मी कानाडोळा करायच्या ऐवजी दोन्ही डोळे लावले.

मे महिन्यात ऑफिसात बसून मी त्यावर शाई चढवली. मला आजही आठवतं, मधली मोकळी जागा लाल करताना रेघेबाहेर एक ठिपकाही गेला नाही. कित्येक पिढ्या जे अंतर कोणाला मिटवता आलं नव्हतं ते मी पेनाच्या दोन फटकाऱ्यांत मिटवत होतो, असं माझ्या मनात होतं. कोणाला न सांगता केलेल्या कामाचा जो आनंद असतो तो मला झाला.

शीट तपासायला ठेवली तेव्हा कॉम्प्युटरसाहेब सहज भिंग घेऊन तिच्यावर वाकले. त्यांनी आकडे काढून दिलेले बिंदू कागदावर नीट बसलेत का, हे ते नेहमी असं बघून जायचे. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"तुझं गाव हेच ना?"

"हो."

"एकशे चाळीस पावलं कुठे गेली?"

मी शाईची बाटली बंद करायला लागलो. ते हळू आवाजात म्हणाले, "तू सहाव्या रकान्यात शून्य भरलंस."

मी त्यांना फार वाईट बोललो. म्हटलं, सहावा रकाना तुमच्या वहीत राहू द्या, नकाशात अक्षांश आणि रेखांश दोनच असतात, आणि त्या दोघांची अब्रू तुम्हीच मला सांगितली आहे. राजाला तोच आणि भिकाऱ्याला तोच, तर मग आम्हालाही तोच. आजूबाजूची टेबलं ऐकत होती. ते भिंग खिशात घालून आपल्या जागेवर गेले. त्यांनी वर कोणाला सांगितलं नाही. महिनाभर मी वेगळ्या टेबलाशी डबा खाल्ला आणि मग एक दिवस तेच माझ्यापाशी येऊन बसले.

शीट छापून यायला तीन-चार वर्षं लागली. एक प्रत विकत घेऊन मी घरी नेली. बाबांनी ती जमिनीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर भांडी ठेवली आणि चष्मा पुसला. त्यांना वाचता येत होतं, मिलच्या जवळच्या वर्गात शिकले होते. गावाचं नाव त्यांनी स्वतः शोधलं. "आपण कुठी?" म्हणून विचारलं. मी लाल ठिपक्याच्या पूर्वेच्या टोकावर बोट ठेवलं.

"गावात?"

"गावात."

ते बोटाने त्या ठिपक्यावरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहिले. मग माझ्या आईला हाक मारून म्हणाले, "पाह्य वं, पोट्ट्यानं काय केलं." माझ्या आयुष्यात बाबांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच, आणि मी ते पुरून पुरून वापरलं.

ऐंशीच्या सुमाराला खेड्यांत हातपंप बसायला लागले. मोठ्या गाडीवर मशीन यायची, दोन दिवस धडधडायची आणि पंप बसवून पुढे जायची. योजना अशी होती की ज्या वेगळ्या वस्तीला बारमाही पाणी नाही तिला एक पंप. एका चैत्रात आत्या नागपूरला आली. एरवी ती कोणाच्या लग्नाशिवाय येत नसे. दारातून आत येऊन, पाणीसुद्धा न पिता ती मला म्हणाली, "बाजूच्या गावच्या आपल्या वस्तीत मशीन आली. त्याच्या पलीकडच्या वस्तीतही आली. आमच्यात काहून नाही येऊन राहिली, एवढं विचार नं बापू. तू त्याच खात्यातला." मी त्या खात्यातला नव्हतो, पण तिच्या दृष्टीने सरकार एकच होतं. ती तेव्हा साठीची असेल. उन्हात उभं राहिल्यावर तिला चक्कर यायला लागली होती, हे तिने स्वतः सांगितलं नाही, तिच्याबरोबर आलेल्या शेजारणीने सांगितलं. "मागच्या हप्त्यात विहिरीपाशीच खाली बसली," ती म्हणाली. "घागरही फुटली."

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून पाण्याच्या ऑफिसात गेलो. तिथला पंपाच्या जागा ठरवणारा भूगर्भवाला तरुण होता, बोलायला चांगला. त्याने गावाचं नाव विचारलं, कपाटातून एक नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. माझी शीट होती. वेगळ्या वस्त्यांवर त्याने पेन्सिलीने गोल केले होते. आमच्या गावावर गोल नव्हता.

"इथे वेगळी वस्ती नाहीये ना," तो म्हणाला. "सगळं गाव एकत्र आहे. आणि हे बघा, मधोमध विहीर. तिला पाणीही बारा महिने असतं. तुमच्या आत्याच्या घरापासून लांब आहे का?"

"नाही. शंभर मीटर."

"मग?"

घरात चोर शिरावा, आपण आरडाओरडा करावा आणि दिवा लावल्यावर आपणच निघावे, तसं झालं. मी त्याला सांगितलं की नकाशा चुकला आहे. त्याने शीटच्या कडेला बघून, कोणाचं काम आहे ते माहीत नसताना, म्हटलं, "पण काम फार सुबक आहे हो." मग तो म्हणाला, तसं असेल तर लेखी अर्ज द्या. वस्ती वेगळी आहे, तिचं रेकॉर्डातलं नाव काय, आणि विहीर जवळ असूनही पाणी का मिळत नाही, हे सगळं त्यात पाहिजे. कारण वर विचारतील.

मी तिथून सरळ ऑफिसात गेलो आणि कॉम्प्युटरसाहेबांसमोर बसलो. ते निवृत्तीला आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी 'मी तेव्हाच म्हणालो होतो' असं म्हणायला हवं होतं, मी त्याची वाट बघत होतो. त्यांनी खण उघडून लांबट वही काढली. आमच्या गावच्या विहिरीच्या दोन ओळी होत्या. दोन्ही ओळींत पहिले तीन आकडे एकच. चौथ्यात चैत्र-वैशाख. पाचव्यात एकीकडे पाच मिनिटं आणि दुसरीकडे एकशे वीस. सहाव्यात एकीकडे 'गावातली बाई' आणि दुसरीकडे 'वस्तीतली बाई'. त्यांनी कोऱ्या कागदावर तो तक्ता स्वच्छ उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि खाली सही केली. "अर्जाला जोड," म्हणाले. "कारणाच्या जागी फक्त लिही: सोबतचा तक्ता पाहावा."

उरलं होतं नाव. ते मला घरी सांगायचं होतं.

बाबा निवृत्त झाले होते. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे. नकाशा तेव्हा भिंतीवर होता, त्यांनी त्याला स्वतः कड्या लावून घेतल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून सांगितलं. लाल ठिपका ओढला त्यामुळे पंप आला नाही, तीन उन्हाळे त्यात गेले, आणि आता वस्ती वेगळी आहे असं लिहून द्यावं लागेल, त्या नावासकट. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नाव लिहिलं तर पाणी येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"पक्कं?"

"तो म्हणाला, तक्ता आणि नाव असलं की करतो."

त्यांनी हात पुढे केला. मी अर्ज दिला. वस्तीच्या नावाची जागा मी कोरी ठेवली होती. "तू नको लिहू," ते म्हणाले. "मले त्या नावाची सवय आहे. तुले नको व्हायले." आणि चष्मा लावून, एकेक अक्षर वेगळं काढत, त्यांनी ते लिहिलं. त्यापुढे कंसात पंचशील नगरही लिहिलं. मी म्हटलं नाही की ते रेकॉर्डात नाही. लिहून झाल्यावर ते आत गेले आणि भिंतीवरचा नकाशा उतरवून, गुंडाळून माळ्यावर ठेवला. मला फार रडायला आलं, पण समोरच्या ओट्यांवर माणसं होती.

पंप यायला आणखी एक उन्हाळा गेला. दरम्यान कॉम्प्युटरसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कोणीतरी त्यांच्या वहीची गंमत सांगितली आणि सगळे हसले, तेही हसले. त्यांच्या सहा रकान्यांच्या वहीतला एवढा एकच तक्ता कुठल्या सरकारी फायलीत गेला असेल. छापलेली शीट तशीच राहिली. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होईल असं मला लेखी कळवण्यात आलं.

मशीन येऊन गेल्यावर मी गावी गेलो. पंप वस्तीच्या तोंडाशी, पत्र्याच्या पाटीजवळ बसवला होता. आत्या हँडल मारत होती आणि घागर भरत होती. हँडल जड आहे, तेल घालायला सांग, अशी तिने पहिली तक्रार केली. मी ते लिहून घेतलं. मग आम्ही तिच्या दारात बसलो आणि मी तिला सांगितलं. इतकी वर्षं तिला माहीत नव्हतं की मशीन न येण्याचं कारण तिच्या समोर बसून चहा पीत होतं.

तिला नकाशा काय ते नीट कळत नव्हतं, म्हणून मी काडीने मातीत काढून दाखवलं. हे गाव, हे मधलं रान, ही आपली वस्ती. आणि मग हाताने मधलं रान पुसून दाखवलं. "असं केलं मी. आपल्याले गावात घेतलं."

तिने मातीकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, तिला खरोखरच माहिती हवी होती.

"तू आमाले गावात टाकलं," ती म्हणाली, "मंग गावाले सांगतलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.